आधी छापलेली बरोबरी

ताज्या फक्कीच्या पांढऱ्या रेषेवर कुणीतरी पिचकारी मारली होती. बरोबर खांबांच्या मधोमध, लालभडक. रविवारी सकाळी सातला मी मैदान तपासायला गेले, तेव्हाचं हे पहिलं दर्शन. याच रेषेपलीकडे चेंडू मातीला टेकवण्यासाठी पोरी तोंडावर पडतात, त्यांचे ओठ आणि दात त्या मातीत घासतात. पण पिचकारी मारणाऱ्याला ती रेघ म्हणजे आयती पिकदाणी वाटली असणार. मी एक ढेकूळ घेतलं, उकिडवी बसले आणि ते सगळं खरवडून काढलं.  

मी सोलापुरात एका कॉलेजात इतिहास शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी रग्बीची पंचगिरी करते. या दोन्हींची गाठ माझ्या एम.फिल.च्या विषयात पडली होती: युद्धानंतरचा जपान आणि तिथली रग्बी. आमच्या विभागात अजूनही कुणी चहा ओतता ओतता विचारतं, "काय चैताली मॅडम, जपान काय म्हणतंय?" मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

रेवणसिद्धअप्पांनी मात्र तेच विचारायला चार दिवस आधी फोन केला होता. अप्पा म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या रग्बीचे सर्वेसर्वा. संघटना त्यांची, स्पर्धा त्यांच्या, प्रबोधिनी त्यांची, आणि त्या प्रबोधिनीच्या संघाची कागदोपत्री कर्णधार असलेली पुतणीही त्यांचीच.

"मॅडम, उद्घाटनाला जपानचं काहीतरी बोलावं म्हणतो. तुमी त्यातल्या तज्ज्ञ की. पाच मिनिटांचं लिहून द्या. जोश आला पाहिजे बघा."

मी मूर्ख. चांगली चार पानं लिहून दिली.

सामना होता जिल्ह्याच्या अंतिम फेरीचा, सात-सात जणींचा. एका बाजूला शहराचा संघ. त्यांची कर्णधार धम्मप्रिया, बुधवार पेठेतली. तिची आई पारूबाई शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात शिलाई मारते आणि पोरगी पहाटे रेल्वे लाईनच्या कडेच्या मोकळ्या जागेत अकरा पोरींना पळवते. त्यांना ना प्रशिक्षक, ना बूट. दुसऱ्या बाजूला अप्पांची प्रबोधिनी. त्यांच्याकडे सगळं होतं, आणि खेळणारी एक पोरगी होती: पिंकी. उजनीच्या पाण्याकाठचं गाव, केळीच्या बागेत घड वाहून तयार झालेले खांदे. तिला टेंभुर्णीकडून अप्पांची जीप घेऊन यायची.

जिंकेल तो संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. राज्य खेळलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागांवर अर्ज करता येतो, आणि धम्मप्रियाच्या संघातल्या बहुतेक पोरींचं वय पुढच्या वर्षी उलटणार होतं. त्यांच्यासाठी हा शेवटचाच सामना. बरोबरी झाली तर काय, यासाठी अप्पांच्या संघटनेचा एक खास नियम होता: दोघे संयुक्त विजेते आणि दोन्हीकडच्या निम्म्या-निम्म्या मुली घेऊन राज्याचा एक संघ. कोणत्या निम्म्या, ते संघटना ठरवणार. कर्णधारांची जागा मात्र पक्की. हा नियम मी अनेकदा वाचला होता. तो कुणासाठी केलाय, हे मात्र माझ्या इतिहासाच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

पाहुणे यायला उशीर झाला. ते ठरलेलंच असतं. दोन्ही संघांच्या मुली लिंबाखाली बसल्या होत्या, तेव्हा मीच त्यांना माझी चार पानं तोंडी सांगितली. युद्धाच्या काळात इंग्रजी नको म्हणून जपानने या खेळाचं नावसुद्धा बदलून टाकलं होतं. युद्ध हरले, शहरं जळून गेली, खायची भ्रांत, आणि त्याच वर्षी पोरं पुन्हा चेंडू घेऊन मैदानात उतरली. मग कारखान्यांचे संघ निघाले. दिवसभर कामावर आणि सुटल्यावर सराव. पोलादाच्या एका आडगावातल्या कामगारांचा संघ सलग सात वर्षं देशात पहिला आला.

"आपल्याकडं गिरण्या हुत्या, तसं," धम्मप्रिया म्हणाली.

"तसं. फक्त त्यांच्या राहिल्या."

मग मी पंच्याण्णव सालचा विश्वचषक सांगितला. न्यूझीलंडने जपानला एकशे पंचेचाळीस विरुद्ध सतराने तुडवलं.

"एकशे पंचेचाळीस?" पिंकीने तोंडावर हात ठेवला. "आन् मग त्येंनी खेळ सोडला न्हाय?"

"अर्ध्या वेळेलाच चौऱ्याऐंशी-तीन होतं. त्यांनी दोन ट्राय केले ते त्यानंतर. पुढच्या अर्ध्यात."

"कशापायी? हरल्यातच की."

"हरलेलेच. पण वेळ शिल्लक होता."

 पिंकी नुसती गवत उपटत राहिली.

मी पुढे सांगितलं की एक्क्याण्णवनंतर चोवीस वर्षं विश्वचषकात जपान एकही सामना जिंकला नाही. फक्त दोन बरोबऱ्या. आणि मग दोन हजार पंधरा साल, समोर दक्षिण आफ्रिका. तीन गुणांनी मागे, शेवटचा क्षण, हातात पेनल्टी. किक मारली की तीन गुण, बरोबरी, आणि तीसुद्धा दोनदा जग जिंकलेल्यांशी. बाहेरून प्रशिक्षक किक मार म्हणत होता. कर्णधाराने ऐकलं नाही. स्क्रम घेतला, खांदे भिडवून ढकलायला लागले आणि ट्राय करून जिंकले. शेवटी एक बारीक गोष्ट सांगितली: सामना संपण्याला जपानमध्ये 'नो साइड' म्हणतात. शिट्टी झाली की बाजू संपल्या. इंग्रजांनी हा शब्द कधीच टाकून दिला, जपान्यांनी जपला.

एवढ्यात पाहुणे आले. सोफे, हार, शाल, नारळ. स्टेजवर पुरी-श्रीखंडाचे डबे आणि पोरींसाठी कागदी बशीत गार पोहे. बिसलेरीच्या रिकाम्या बाटल्या मैदानातच भिरकावल्या गेल्या. एका पाहुण्याने खुर्चीवर बसल्या बसल्या नाक शिंकरलं आणि बोटं स्टेजच्या झालरीला पुसली. ज्या खेळाचा 'ख' माहीत नाही त्याच्या उद्घाटनाला ही माणसं इतक्या इस्त्रीचे कपडे घालून का येतात, हे मला कधीच समजलेलं नाही. पोरी उन्हात रांगेत उभ्या.

अप्पा माइकवर आले. माझ्या चार पानांतलं त्यांनी काय घेतलं? "जपान राखेतून उठला! आफ्रिकेला हरवला! का? कारण जिद्द!" एकशे पंचेचाळीस गेले, कारखाने गेले, चोवीस वर्षं गेली. जपान जणू सकाळी उठला, तोंड धुतलं आणि जिंकला. टाळ्या पडल्या. मला माझ्याच हस्ताक्षराची शिसारी आली.

सामना सुरू झाला. ज्यांनी रग्बी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढं पुरे: चेंडू पलीकडच्या रेषेमागे मातीला टेकवला की ट्राय, पाच गुण. त्यावर खांबांमधून किक गेली की आणखी दोन. समोरच्याने चूक केली आणि पेनल्टी मिळाली, तर किकचे तीन.

पिंकीने एकटीने दोन ट्राय केले. तिला धरायला तिघी लागत, आणि तिघींना ओढत ती जाई. दोन्ही वेळा प्रबोधिनीच्या पोरींची वरची किक हुकली. धम्मप्रियाच्या संघाने एक ट्राय केला, वर किकही बसवली. दहा विरुद्ध सात. शहराच्या पोरी अनवाणी होत्या. दोघींच्या अंगठ्यातून रक्त येत होतं आणि दोघींनी ते मातीने दाबलं होतं. खेळ सुंदर चालला होता. 

शेवटचं मिनिट उरलं आणि बाजूच्या रेषेवरच्या अभिमन्यूने हात वर केला. हा अप्पांचा माणूस, त्या दिवशीचा माझा साहाय्यक पंच. प्रबोधिनीला बदली खेळाडू हवी होती. आत आली अप्पांची पुतणी, इस्त्रीचा टी-शर्ट, पांढरेशुभ्र बूट. शहराच्या पोरी त्या वेळी प्रबोधिनीच्याच खांबांसमोर झुंजत होत्या. पुतणी धावत गेली, चेंडूवर सरळ आडवी झाली आणि अंथरूण घातल्यासारखी पडून राहिली. उठ म्हटलं तरी उठेना. उलट मान वळवून माझ्याकडे बघायला लागली, मी शिट्टी कधी वाजवते म्हणून.

मी वाजवली. वाजवावीच लागली, चेंडू असा दाबून ठेवणं ही चूकच. शहराला पेनल्टी, बरोबर खांबांसमोर. तिथून धम्मप्रिया डोळे झाकून तीन गुण घेते.

आणि त्याच क्षणी मागे फडफड झाली.

मंडपवाला कल्लप्पा स्टेजवर उभा होता. त्याला सांगून ठेवलं होतं, की मॅडमची शेवटची मोठी शिट्टी झाली की दोरी सोड. बिचाऱ्याला पेनल्टीची शिट्टी काय आणि शेवटची काय! मी रागाने जरा लांबच फुंकली होती. त्याने दोरी सोडली. स्टेजच्या मागे गुंडाळलेला भलामोठा फ्लेक्स सळसळत खाली आला. वर अप्पांचा हात जोडलेला फोटो. खाली एका बाजूला धम्मप्रिया, दुसऱ्या बाजूला पुतणी. आणि मध्ये सोनेरी अक्षरांत: 'संयुक्त विजेते. दोन्ही संघांचे हार्दिक अभिनंदन.'

फ्लेक्स काही हवेत छापला जात नाही. आदल्या दिवशी कुणीतरी मजकूर दिला, फोटो दिले, रंग ठरवला. माझ्या शिट्टीला जे ठरायचं होतं ते छापखान्यात वाळत पडलं होतं. नुसतं जिंकून राज्यात अप्पांना एकटी पिंकी पुरली नसती; बरोबरी झाली की शहराच्या चांगल्या पोरी त्यांच्या हाताला लागणार होत्या, आणि कर्णधार म्हणून पुतणीची जागाही पक्की. खोटा निकाल मी याआधीही पाहिला आहे. पण माझ्याच तोंडून, नियमाला धरून, खरी पेनल्टी देववून हा निकाल घडवायचा, हे बघून तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, शिट्टी अप्पांच्या श्रीखंडात फेकावी आणि घरी जावं.

"अरे गुंडाळ! गुंडाळ ते!" अप्पा ओरडले.

"शिट्टी झाली की अप्पा!" कल्लप्पा वरून म्हणाला.

फ्लेक्स गुंडाळला जाईना. वारा त्याला सोडत नव्हता. सगळ्या पोरी तिकडे बघत होत्या. पिंकीही. धम्मप्रियाने चेंडू काखेत धरला होता. तिने आपला फोटो पाहिला, मग एकेक करून आपल्या पोरींकडे पाहिलं. सहा जणी मैदानात, पाच बाहेर. माझ्याकडे आली.

"मॅडम, किती वेळ ऱ्हायलाय?"

"हेच शेवटचं. चेंडू थांबला की संपलं."

"किक मारली की बरोबरी. मग निम्म्या."

"हो."

"आन् माझी जागा पक्की."

"हो."

तिच्या मागे अंगठा फुटलेली पोरगी उभी होती. धम्मप्रियाने तिला विचारलं, "तू निम्म्यात असशील का गं?" ती पोरगी हसली. कुणी दात काढायला सांगितल्यासारखी हसली आणि मान खाली घातली.

"स्क्रम," धम्मप्रिया म्हणाली.

"अगं ए पोरी! किक! किक मार!" स्टेजवरून अप्पा. आपल्या संघाविरुद्ध किक मार म्हणून कंठ फुटेपर्यंत ओरडणारा संघमालक मी आयुष्यात प्रथमच पाहिला. "येडी हायस का? हातातलं घालवशील की!"

तेही खरंच होतं. ढकलता आलं नाही, चेंडू सुटला, तर सगळं जाणार होतं. निम्मंही नाही. तिचं स्वतःचंसुद्धा.

स्क्रम लागला. तीन खांदे तीन खांद्यांना भिडले. समोर मधोमध पिंकी, आणि तिला हलवायचं म्हणजे केळीचा ट्रॅक्टर हलवायचा. चेंडू आत गेला. मागून धम्मप्रियाने उचलला आणि सरळ त्याच गर्दीत घुसली. तिच्या पाठीवर तिच्या सगळ्या पोरी पडल्या. पाय घसरत होते, कुणाचीतरी वेणी कुणाच्या तरी मुठीत होती. एक पाऊल, अर्धं पाऊल, आणि मग सगळा ढीग कोसळला. सकाळी मी खरवडून काढलेल्या त्या डागावरच.

मी धावले. गुडघ्यावर बसले. माणसांखाली माणसं. चेंडू दिसेना. अभिमन्यू पलीकडून दोन्ही हात हलवत होता: नाही, टेकला नाही, वरच अडकला. तो उभा होता तिथून त्याला पोरींच्या तळव्यांशिवाय काही दिसणं शक्य नव्हतं. पण मलाही दिसत नव्हतं, आणि पंचाला जे दिसत नाही ते देता येत नाही. शिट्टी ओठांवर होती. नाही म्हटलं की सामना प्रबोधिनीचा. अप्पांची बरोबरी गेली असती, पण संघ जिंकला असता आणि पुतणी आख्ख्या संघासकट राज्याला गेली असती. पांढऱ्या बुटांसकट.

"मॅडम." ढिगाच्या तळातून आवाज आला. "टेकलाय."

पिंकी उताणी पडली होती. केसांत फक्की, ओठ फुटलेला.

"मी हात न्हाय काढत. ह्यांना उटवा एकेक. मग बगा."

मी एकेकीला उठवलं. पिंकी हलली नाही. तिचा दंड चेंडूच्या बाजूने होता, खाली नव्हता. चेंडू रेषेच्या वीतभर पलीकडे, थेट मातीत रुतलेला, आणि त्यावर धम्मप्रियाचा पंजा. पिंकीने नुसती कूस बदलली असती, दंड वीतभर सरकवला असता, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिचा संघ जिंकला असता. ती राज्य खेळली असती.

"पिंके!" अभिमन्यू किंचाळला. "काय बोलतीस तू?"

"टेकलाय तर टेकला की," पिंकी म्हणाली आणि बाजूला तोंड करून माती थुंकली. "खोटं कशाला बोलू?"

मी हात वर केला. ट्राय. बारा-दहा. वरची किक धम्मप्रियाने घेतलीच नाही. मी शेवटची शिट्टी वाजवली, आणि या वेळी कल्लप्पाकडे सोडायला दोरी उरली नव्हती.

अप्पा माइक सोडणाऱ्यांतले नव्हेत. घाम पुसून ते पुन्हा उभे राहिले. "मित्रहो, जपानमधे सामना संपला की नो साइड म्हणतात. बाजूच उरत नाहीत. मग कोण जिंकलं, कोण हरलं? म्हणून आम्ही मोठ्या मनाने..." आणि मागच्या सोनेरी अक्षरांकडे हात केला.

माझी चार पानं. माझा जपून ठेवलेला शब्द, त्यांच्या श्रीखंड लागलेल्या तोंडात.  मी स्टेजवर चढले, त्यांच्या हातातला माइक अक्षरशः हिसकावला आणि बोलले, "बारा-दहा. शहराचा संघ विजयी. राज्याला हाच संघ जाईल, बाराच्या बारा. मी पंच आहे, निकाल मी दिलाय." पाहुणे एकमेकांकडे बघत राहिले. खाली एक पत्रकार पोरगी फोन वर धरून सगळं टिपत होती. तिने टिपलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार न केलेला बरा. अप्पा माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, फ्लेक्स छापलाय हो. आता काय करायचं?" एवढंच दुःख होतं त्यांना.

दुपारी मी बाहेर आले, तेव्हा पिंकी फाटकाशी बॅग घेऊन उभी होती.

"जीप?"

"गेली." ती बुटांच्या नाड्या सोडत होती. बूट प्रबोधिनीचे होते, ते काढून घ्यायला अभिमन्यू थांबला होता. त्याने ते पिशवीत टाकले, पिंकीकडे न बघता मोटारसायकलला किक मारली आणि निघून गेला.

"जागा नव्हती का?"

"हुती की. माज्या जागंवर त्येंनी पुतणीची बॅग ठिवली."

 मला अख्ख्या जिल्ह्याचाच वीट आला. शहराच्या पोरी मागून चालत आल्या होत्या. धम्मप्रियाने पिंकीच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. आम्ही सगळ्या तशाच एसटी स्टँडवर गेलो. टेंभुर्णीची गाडी लागलेली होती.

"पुढच्या वर्सी मला कोण खेळवंल ओ मॅडम?" पिंकीने विचारलं.

उत्तर मला माहीत होतं. दुसऱ्या संघात जायला अप्पांची परवानगी लागते, आणि ती मिळणार नव्हती. मी तिला तसंच सांगितलं. खोटं बोलण्याचा तो दिवस नव्हता.

तिने मान हलवली. मग म्हणाली, "ते जपानवाले. एकशे पंचेचाळीस खाल्लेले. त्येंना घरी कुणी नेलं का, का सोडलं तितंच?"

"नेलं की. सगळ्यांना एकत्र."

"मग बरं," पिंकी म्हणाली आणि गाडीत चढली.

कंडक्टर दारात तिकिटांचं मशीन घेऊन उभा होता. पिंकीने "टेंभुर्णी, एक हाफ," म्हटलं, कारण बायकांना अर्धं तिकीट असतं. तिच्या मागून धम्मप्रिया चढली, मग अंगठा फुटलेली, मग बाकीच्या, धक्काबुक्की करत, सगळ्या मातीने माखलेल्या.

"अगं ए, तुमी कुटं?" पिंकी म्हणाली.

"तुला सोडाया," धम्मप्रिया म्हणाली. "संध्याकाळच्या गाडीनं माघारी."

कंडक्टर वैतागला. "एक का किती? नीट सांगा की."

धम्मप्रियाने गाडीत नजर फिरवली, मग खाली उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी चढले.

"चौदा," ती म्हणाली.